हार, टाळ्या आणि अतिदक्षता विभागातील मन

कोविडच्या साथीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. २०२० आणि २०२१ च्या दिवाळी अंकांत कथा, कविता, लेख आणि दैनंदिन्या यांची रेलचेल होती. या लेखनात डॉक्टर आणि परिचारिका जागोजागी भेटतात. मात्र त्या भेटतात त्या देवदूत म्हणून, योद्धा म्हणून, फार तर माउली म्हणून. अतिदक्षता विभागात तासन्‌तास उभ्या असलेल्या या माणसांच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न या लेखनाने फारसा विचारला नाही. हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे, साहित्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो दोहोंचा आहे. वैद्यकशास्त्राने त्याची दखल साहित्याच्या आधी घेतली, ही गोष्ट मात्र मराठी लेखकाला भूषणावह नाही.

आम्ही हे धाटावहून लिहीत आहोत. रोह्याला लागून, कुंडलिकेच्या काठी वसलेली ही रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत. येथे पाळी, सायरन, तोंडावरचा मास्क आणि अंगभर झाकणारा पोशाख हे शब्द साथ येण्यापूर्वीपासून रोजच्या बोलण्यातले आहेत. कोंडलेल्या पोशाखात घामाने भिजून काम करणे म्हणजे काय, हे येथील कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत जागा सोडता येत नाही आणि जाताना वहीत नोंद करून काम त्याच्या हवाली करावे लागते, हेही त्याला ठाऊक असते. टाळेबंदीत औषधांची रसायने बनवणारे कारखाने अत्यावश्यक म्हणून चालू राहिले. त्यामुळे या वाचकाला साथीचे साहित्य वाचताना एक गोष्ट चटकन जाणवते. लेखक घरात होता आणि परिचारिका वॉर्डात होती. साथीवरचे बहुतेक मराठी लेखन खिडकीतून झाले. रिकामे रस्ते, अचानक ऐकू येऊ लागलेले पक्षी, घरातल्या माणसांची नव्याने झालेली ओळख, हे त्याचे विषय. ते खोटे नव्हते. परंतु ज्यांना खिडकीत बसायची मुभाच नव्हती, त्यांच्याविषयी लिहायची वेळ आली की या लेखनाची भाषा एकदम बदलते. निरीक्षण संपते आणि स्तुती सुरू होते.

ही स्तुती कोठून आली? २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. ३ मे २०२० रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. 'कोरोना योद्धा' हा शब्द सरकारी परिपत्रकातून वर्तमानपत्रात आणि तेथून कवितेत आला. साहित्याने त्याला आपला शब्द शोधला नाही. तयार शब्द घेतला. आणि याच काळात दुसरी बाजूही घडत होती. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित झाल्याचे उघड झाले आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. डॉक्टर व परिचारिकांना घरमालक घर सोडायला सांगत होते, त्यांच्यावर हल्ले होत होते. इतके की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला साथरोग कायद्यात वटहुकुमाने बदल करून गंभीर हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करावी लागली. फुले आणि दगड एकाच महिन्या-दोन महिन्यांत ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या मनाचे काय झाले असेल? कथाकाराला यापेक्षा मोठा विषय कोणता हवा?

आमच्या रायगड जिल्ह्यापुरते बोलायचे, तर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. रोहा, माणगाव, मुरूड, श्रीवर्धन या भागांत अनेक दिवस वीज नव्हती. साथ आणि वादळ एकत्र आले. अत्यवस्थ रुग्णाला येथून अलिबाग, कामोठे किंवा नवी मुंबई गाठावी लागे. पुढे एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायूचे टँकर निघू लागले. त्या टँकरांच्या आणि किती टन प्राणवायू गेला त्याच्या बातम्या रोज वाचायला मिळत. तो प्राणवायू ज्या खाटेशी पोचायचा, तेथे उभ्या असलेल्या माणसाने एक यंत्र आणि दोन रुग्ण असताना काय केले, घरी जाऊन त्याला झोप लागली का, याची बातमी होत नसे. बातमी होत नाही, म्हणूनच ते साहित्याचे काम ठरते.

या मनाची नोंद जगात झाली नाही असे नाही. साथीच्या अगदी आरंभी चीनमधील ३४ रुग्णालयांतील १२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली. त्यांत निम्म्या जणांत खिन्नतेची लक्षणे होती आणि ७१.५ टक्के मानसिक क्लेश भोगत होते. इंग्लंडमध्ये नऊ अतिदक्षता विभागांतील ७०९ कर्मचाऱ्यांना २०२० च्या उन्हाळ्यात प्रश्न विचारले गेले. जवळजवळ ४५ टक्के लोकांची उत्तरे कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराच्या मर्यादेपर्यंत पोचत होती. सुमारे ४० टक्क्यांमध्ये आघातानंतरच्या विकाराची लक्षणे होती. आठांतील एकाहून अधिक जणांच्या मनात आपण नसतो तर बरे झाले असते, अशा प्रकारचा विचार त्या पंधरवड्यात येऊन गेला होता. डॉक्टरांपेक्षा परिचारिकांची स्थिती वाईट होती. न्यूयॉर्कमधील आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लोर्ना ब्रीन यांनी २६ एप्रिल २०२० रोजी जीवन संपवले. त्यांच्या नावाने वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी अमेरिकेत २०२२ साली कायदा झाला. आकडे एवढे सांगतात. रात्री तीन वाजता घंटी वाजल्याचा भास होऊन उठणारी परिचारिका मात्र आकड्यांत दिसत नाही. ती दाखवायला कथाच लागते.

अशी कथा आपल्याजवळ आहे. ती मराठीत नसून उर्दूत आहे आणि नव्वद वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. राजिंदरसिंग बेदी यांची 'क्वारंटीन'. 'दाना-ओ-दाम' या १९३६ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात ती आहे. बेदी त्या काळी लाहोरला टपाल खात्यात कारकून होते. पुढे ते मुंबईत आले आणि १९८४ साली मुंबईतच वारले. ते डॉक्टर नव्हते, तरीही डॉक्टरचे मन त्यांना जितके कळले, तितके ते फार थोड्यांना कळलेले दिसते.

कथा प्लेगच्या दिवसांतली आहे आणि निवेदक डॉक्टर आहे. लोक प्लेगपेक्षा क्वारंटीनला अधिक भितात. डॉक्टर कर्तव्य करतो, पण तोही भितो. घरी आला की जंतुनाशकाने गुळण्या करतो, घसा भाजेल अशी गरम कॉफी किंवा ब्रँडी पितो, झोप उडते, जरा काही वाटले की आपल्यालाच लागण झाली असे समजतो. याच क्वारंटीनमध्ये भागू नावाचा ख्रिस्ती झालेला सफाई कामगार आहे. तो रोग्यांना उचलतो, चुना टाकतो, प्रेते हलवतो. जाळायला टाकलेल्या प्रेतांत एक माणूस जिवंत असल्याचे दिसताच तो आगीत हात घालतो. हात भाजतात आणि माणूस मात्र वाचत नाही. पुढे भागूची बायको प्लेगने जाते आणि भागू पुन्हा कामाला लागतो. साथ ओसरते. शहरात डॉक्टरचा जाहीर सत्कार होतो, हार घालतात, थैली देतात. डॉक्टर घरी येतो तेव्हा भागू त्याचे अभिनंदन करायला आलेला असतो. आणि तेथे डॉक्टरला तो सन्मान पेलवत नाही.

या शेवटाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. बेदींनी डॉक्टरला भित्रा म्हणून हिणवलेले नाही, की भागूला संत करून मखरात बसवलेले नाही. त्यांनी दाखवले ते असे, की समाजाने घातलेला हार माणसाच्या आतल्या हिशेबाशी जुळत नाही. ज्याला आपण कोणाला वाचवू शकलो नाही हे आठवते, त्याच्या गळ्यात हार पडला की तो एकटा होतो. त्याला आता बोलताही येत नाही. ज्याला लोक देवदूत म्हणतात, त्याने 'मला भीती वाटली', 'मला त्या रुग्णाचा राग आला', 'तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले' हे कोणाजवळ बोलावे? कोविडवरच्या मराठी कवितेने नेमकी हीच बोलण्याची वाट बुजवली, असे आमचे म्हणणे आहे. त्या कवींचा हेतू चांगला होता, कृतज्ञता खरी होती. परंतु कृतज्ञ माणूसही समोरच्याचे ऐकून न घेता बोलत राहिला, तर समोरचा गप्पच बसतो.

बेदींच्या कथेत आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टरच्या मनाबरोबर ती भागूचेही मन विचारात घेते. आपल्याकडे अतिदक्षता विभाग म्हटला की डॉक्टर, मग सिस्टर. लादी पुसणारी मावशी, खाटा ओढणारा वॉर्डबॉय, मृतदेह प्लास्टिकमध्ये बांधून शवागारात नेणारा मामा, हे ना पाहणीत येतात ना कवितेत. धाटावच्या कंत्राटी कामगाराला हा हिशेब नवा नाही. अपघात झाला की कायम कामगाराचे नाव कागदावर येते, कंत्राटी माणसाची नुसती संख्या येते.

दुसरे पुस्तक आल्बेर काम्यूचे 'द प्लेग' हे १९४७ सालचे. साथ आली आणि जगभर ते पुन्हा वाचले गेले. त्याचा नायक डॉ. रिए थकतो तेव्हा त्याचे मन बधिर होत जाते आणि हे बधिर होणे हीच त्याची ढाल बनते. हे निरीक्षण अचूक आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती निवेदनाची रीत. सारी कादंबरी कोणी तिऱ्हाईत सांगतो आहे असे वाटते आणि शेवटी कळते की सांगणारा डॉ. रिए स्वतःच आहे. त्याने स्वतःविषयीसुद्धा 'तो' म्हणून लिहिले. दूरच्या आरोग्यधामात आपली बायको वारल्याची तारही तो अशीच कोरडेपणाने नोंदवतो. डॉक्टरला 'मी' म्हणता येत नाही, हे काम्यूने नेमके ओळखले.

परंतु या कादंबरीला एक मोठी उणीव आहे आणि आम्ही ती सांगितलीच पाहिजे. कथा घडते अल्जीरियातील ओरान शहरात. तेथील अरब मुसलमान या कादंबरीत जवळजवळ दिसतच नाहीत. रांबेर हा पत्रकार अरबांच्या राहणीमानाची माहिती घ्यायला ओरानला येतो, असे आरंभी सांगितले जाते आणि मग ते अरब कादंबरीतून नाहीसे होतात. त्यांचे कोण मेले, त्यांना कोणी शुश्रूषा दिली, त्यांना कोणी दफन केले, हे कळत नाही. साथीच्या साहित्यातून कोण वगळले गेले हे पाहण्याची सवय मुस्लिम मराठी लेखकाला असली पाहिजे. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये एका जमातीला साथीचे कारण ठरवण्याचा प्रकार आपण पाहिला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे मत नोंदवले. मधल्या महिन्यांत वॉर्डात काम करणाऱ्या मुसलमान परिचारिकेला दोन ओझी उचलावी लागली असतील. एक सर्वांबरोबरचे आणि एक तिचे एकटीचे. तिची कथा अजून आमच्या वाचनात आलेली नाही.

मराठीत या विषयाला काहीच पूर्वपरंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये प्लेगचे दिवस आहेत. लक्ष्मीबाई सेवेविषयी बोलतात तेव्हा भीतीही लपवत नाहीत आणि विनोदही सोडत नाहीत. त्यांच्याजवळ गौरवाचा एकही तयार शब्द नाही, म्हणून त्यांचे खरे वाटते. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन वारल्या. त्यांच्यावर आपल्याकडे असंख्य गौरवपर कविता झाल्या. पण त्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनात काय असेल, याचा विचार करणारे लेखन कितीसे आहे? पूजा आणि आकलन यांत आपण नेहमी पूजाच निवडत आलो.

आता 'योद्धा' या शब्दाकडे वळू. हा शब्द वापरायचाच असेल, तर तो पुरता वापरावा. युद्धाच्या साहित्यात केवळ शंखनाद नसतो. महाभारतात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येते, शांतिपर्व येते. जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. आमच्या घरांतून ऐकू येणारा मर्सिया घ्या. करबलाची लढाई त्यात आहेच. परंतु मर्सियाचा जीव आहे तो तंबूत राहिलेल्या स्त्रियांत, तहानेत आणि सारे डोळ्यांनी पाहून मागे उरलेल्या जैनबमध्ये. जो मेला त्याच्याइतकाच जो पाहून जिवंत राहिला त्याचा शोक मर्सिया करतो. अमेरिकेत जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे मन समजून घेण्यासाठी होमरचे 'इलियड' वाचले आणि १९९४ साली त्यावर पुस्तक लिहिले. योग्य काय ते ठाऊक असूनही ते करता न आल्याची किंवा वरिष्ठांनी करू न दिल्याची जी जखम असते, तिला नैतिक जखम म्हणतात. ही कल्पना रुजवण्यात शे यांचा वाटा मोठा आहे. साथीत अतिदक्षता विभागातील लोकांबाबत हाच शब्द पुन्हा पुढे आला. म्हणजे एक डॉक्टर जखम ओळखण्यासाठी महाकाव्याकडे गेला. आपल्या कवींनी मात्र योद्ध्याचा फेटा उचलला आणि जखम तेथेच ठेवली.

ही जखम महाराष्ट्रात कोठे शोधायची, हे सांगायला लांब जावे लागत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून १३ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. त्यानंतर एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाची किती जबाबदारी होती, हा न्यायालयाचा विषय आहे, आमचा नव्हे. आमचा प्रश्न भाषेचा आहे. ज्यांना दीड वर्ष योद्धा म्हटले, त्यांच्याच गटातील माणसांना एका दिवसात आरोपी म्हणण्यासाठी आपल्याजवळ शब्द तयार होते. या दोन शब्दांच्या मधला शब्द, म्हणजे माणूस, आपल्याजवळ नव्हता.

शासनाचा हिशेबही याच भाषेतला होता. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. तो मृत्यूसाठी होता. ज्याचा जीव राहिला पण झोप गेली, ज्याने वर्षभराने नोकरी सोडली, जी आजही यंत्राचा आवाज ऐकला की दचकते, त्यांच्यासाठी त्यात रकाना नव्हता. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे चांगलेच झाले. पण फोन उचलून बोलण्यासाठी आधी बोलण्याजोगे शब्द असावे लागतात. ते शब्द समाजाला साहित्य देते.

काय लिहायला हवे, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. मे २०२१ मध्ये केरळमधील पट्टांबी येथे एक मुसलमान स्त्री कोविडच्या अतिदक्षता विभागात शेवटच्या घटका मोजत होती. नातेवाइकांना आत येता येत नव्हते. तिच्यावर उपचार करणाऱ्या हिंदू महिला डॉक्टरने तिच्या कानाशी हळूच कलमा म्हटला. या घटनेची त्या वेळी सर्वत्र धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून वाहवा झाली. ती योग्यच होती. पण कथाकाराने येथून पुढे जायला हवे. जे काम लेकीचे, बहिणीचे, ते त्या दोन वर्षांत परक्या माणसांवर येऊन पडले. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचे, घरच्यांना फोन लावून पडदा त्याच्या डोळ्यांसमोर धरायचा, मग फोन बंद करून पुढच्या खाटेकडे जायचे. आपल्या घरात एक मयत झाली तर चाळीस दिवस माणसे येतात, बसतात, जेवण पाठवतात. या लोकांनी एका पाळीत अनेक मृत्यू पाहिले आणि त्यांच्याकडे पुरशाला कोणी गेले नाही. शोक त्यांचा मानलाच गेला नाही.

साथ संपून वर्षे लोटली. त्या परिचारिका आजही रोह्यात, अलिबागेत, पनवेलीत ड्युटीवर जातात. अनेक जणी आपल्याच नात्यातल्या, शेजारच्या आहेत. कोणी सिस्टर रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने घरी येते, कोणी कंत्राट संपले म्हणून घरी बसली आहे. मुस्लिम मराठी लेखकांना आमचे एवढेच सांगणे आहे, की देवदूतांवर आता कविता नको. तिच्या घरी जावे, बसावे, तिला बोलू द्यावे. ती रागावून बोलली तर रागावलेलीच लिहावी. कोणाला वाचवू शकलो नाही हे ती सांगू लागली, तर 'तुम्ही खूप केलेत' असे म्हणून तिला मध्येच थांबवू नये. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण ती आली की त्याच वॉर्डात तीच माणसे उभी राहणार आहेत. त्या वेळी त्यांना टाळ्यांहून अधिक काही देता यावे, असे वाटत असेल तर त्यांचे म्हणणे आधी आपल्या भाषेत लिहून ठेवले पाहिजे.